विळी

“विळी मला दे,” हेमंत म्हणाला.

प्रफुल्लची आई शेवभाजीचं पातेलं घेऊन येत होती, ती दारातच थांबली. “काय करतो रे विळी घेऊन? कांदा पाहिजे का? मी देते ना चिरून.”

“तुमची नाही काकू, हिची.” हेमंतने माझ्याकडे बोट केलं. “हिने कॉम्प्युटरात ठेवलीय.”

“मग जपून रे बापा,” काकू म्हणाल्या, आणि पातेलं आमच्यामध्ये ठेवून गेल्या.

हे दोन हजार एकचं. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं आणि आम्ही तिघं शेवटच्या वर्षाला होतो: मी उज्ज्वला नेहेते, हेमंत पाचपांडे आणि प्रफुल्ल बऱ्हाटे. प्रोजेक्ट प्रफुल्लच्या घरी चालायचा, कारण आमच्यापैकी कॉम्प्युटर फक्त त्याच्याकडे होता. पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी, विणलेल्या रुमालाखाली. काकू रोज दुपारी रुमाल काढून, घडी करून बाजूला ठेवायच्या, तेव्हा आमचं काम सुरू व्हायचं.

प्रोजेक्ट म्हणजे एक गेम. चित्रं नाहीत, आवाज नाही, नुसते शब्द. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटायची: तुम्ही पडक्या गढीच्या दारात उभे आहात, आत अंधार आहे, कोनाड्यात दिवा आहे. मग खेळणाऱ्याने लिहायचं, दिवा घे. किंवा, किल्लीने दार उघड. गेमने ते समजून घ्यायचं आणि पुढचं सांगायचं. सगळा जीव त्या समजून घेण्यात होता. माणसाने लिहिलेली ओळ घ्यायची, जिथे जागा सुटलीय तिथे कापायची, तुकडे रांगेने मांडायचे. मग शेवटचा तुकडा उचलून बघायचा, कारण मराठीत काय करायचं ते शेवटी सांगतात. घे, उघड, मार, पळ. उरलेले तुकडे म्हणजे कशाने आणि कशाला. C मध्ये हे सगळं करणारं एक फंक्शन मी लिहिलं होतं आणि त्याला विळी नाव ठेवलं होतं. पानभर कोड होता. त्या पानासाठी मी दिवाळीची सुट्टी घालवली होती.

“विळीच का?” मी विचारलं.

“कारण खासनीस तेच विचारणार.”

खासनीस म्हणजे आमचे एक्स्टर्नल, व्हायवाला बाहेरून येणारे परीक्षक, पुण्याच्या एका कंपनीतले. त्या वर्षी कॉलेजात एकही कंपनी आली नव्हती. अमेरिकेत काहीतरी कोसळलं होतं आणि त्याची धूळ आमच्या प्लेसमेंटच्या फळ्यावर बसली होती. पण खासनिसांनी आदल्या वर्षी व्हायवा घेता घेता एका मुलाला उचलून नेलं होतं. तेव्हापासून तो व्हायवा परीक्षा राहिला नव्हता, मुलगी बघण्याचा कार्यक्रम झाला होता. फक्त दाखवायचे होते मुलगे.

आणि व्हायवाच्या आधी व्हायची वाटणी. आमच्या कॉलेजात कोड एकजण लिहायचा आणि मग भावाभावांत विहीर आणि बांध वाटतात तशी फंक्शनं वाटली जायची. गाईड भिरूड सर स्वतःच सांगायचे, “एक्स्टर्नल विचारतो, तू काय लिहिलंस? तिघांनी एकाकडे बोट दाखवू नका. वाटून घ्या, पाठ करा.” यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मलाही नाही.

“मला सोपं द्या,” प्रफुल्ल भाकरी मोडत म्हणाला. “सुरुवातीला गढीचं नाव येतं ना मोठ्या अक्षरात, ते मी लिहिलं म्हणतो.”

“ते तूच लिहिलंयस.”

“बरं झालं. खोटं बोलायला नको.”

हेमंत हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता. हेमंतला C बेताचं यायचं, माणसं मात्र तोंडपाठ. लॅब असिस्टंटची बदली कुठे अडलीय हे त्याला ठाऊक असायचं, भिरूड सरांच्या मुलीच्या वाढदिवसाला तो न बोलावता जायचा, आणि काकूंच्या भाजीला मीठ कमी पडलं तर तो मीठ न मागता म्हणायचा, “काकू, आज तुमची तब्येत बरी नाही का?” प्रत्येकाला देण्यासाठी त्याच्याजवळ काहीतरी असायचं आणि ते कधीच त्याच्या खिशातलं नसायचं.

प्रफुल्ल हात धुवायला उठला, तेव्हा हेमंत हळू आवाजात म्हणाला, “तू घेतलीस आणि समजा खासनिसांनी तुला उचललं. अण्णा पाठवतील तुला पुण्याला? एकटीला?”

अण्णा म्हणजे माझे वडील. ते मला बसस्टँडवर एकटीला पाठवत नव्हते. रावेरचं एक स्थळ त्यांनी परीक्षेपर्यंत थांबवून ठेवलं होतं. केळीचे व्यापारी, दारात तीन ट्रक. मुलगा चांगला होता म्हणतात. मी ट्रकच जास्त ऐकले.

“नाही पाठवणार,” मी म्हटलं.

“आणि मला उचललं तर?”

“तर?”

“तर मामांना घेऊन मी अण्णांकडे येतो. पुण्याचा जावई म्हटल्यावर अण्णा रावेरला काय सांगायचं ते सांगतील.” त्याने वाटीतली शेव बोटाने गोळा केली. “तुझी नोकरी तुझ्या कामाची नाही, उजे. माझी आहे. दोघांच्याही.”

लोक म्हणतील, प्रेमात पोरगी भुलली. तसं नव्हतं. हिशोब मी केला होता आणि तो बरोबर येत होता. माझ्या हातात असलेली वस्तू मला दागिन्यासारखी मोडता येत नव्हती. त्याला येत होती. पुण्याला जायला मला कुणाचा तरी हात धरावा लागणार होता, आणि बघण्यात आलेल्या हातांत हा सगळ्यात बरा होता. वर तो हसायचाही छान, ते मी हिशोबात धरलं नव्हतं. धरायला हवं होतं, वजाबाजूला.

“घे विळी,” मी म्हटलं.

मग मी त्याला ती शिकवली. एकेक ओळ. ओळ इथे येते, इथे कापली जाते, इथे तुकडे मोजले जातात, इथे शेवटचा उचलला जातो. तो पाठ करायचा नाही, हे बघून मला आश्चर्य वाटलं. तो विचारायचा. “हे आधी का? हे नसलं तर काय होईल?” शिकवणाऱ्याला असा विद्यार्थी मिळाला की त्याचं डोकं फिरतं. माझं फिरलं. मला वाटलं, बघ, याला माझ्या कामात रस आहे.

“एक ओळ मीही लिहू का यात?” शेवटच्या दुपारी त्याने विचारलं.

“कशाला?”

“सहज. माझीही म्हणून काहीतरी.”

“काही लिहू नकोस,” मी म्हटलं. “बिघडवशील.”

प्रफुल्ल रुमालाची घडी उलगडत होता. तो आमच्या दोघांकडे बघून काहीतरी बोलणार होता, पण त्याने रुमालच झटकला.

व्हायवाच्या दिवशी खासनीस सर आले, टक्कल पडलेला, घाईतला, दिसेल ती खुर्ची ओढून बसणारा माणूस. लॅबमधल्या कोपऱ्यातल्या मशीनवर आमचा गेम चढवलेला होता. मी मुद्दाम शिवून घेतलेला नवा ड्रेस घातला होता, आणि बाहेर बाकीच्या बॅचेस खिडकीला नाक लावून होत्या.

“कुणी काय केलंय?” खासनीस म्हणाले.

प्रफुल्लने गढीचं नाव दाखवलं. सर म्हणाले, “छान अक्षर आहे.” मी खोल्यांचा नकाशा सांगितला, कुठल्या दारातून कुठे जाता येतं. सर मान हलवत घड्याळ बघत होते. मग हेमंत पुढे झाला आणि विळी सांगायला लागला, आणि सरांनी घड्याळ बघणं थांबवलं.

सुरेख सांगितलं त्याने. मी सांगितलं असतं त्याहून सुरेख. मी तुकडे सांगितले असते, त्याने माणूस सांगितला: खेळणारा कसा घाईत असतो, कसा दोनदा जागा सोडतो, कशी चुकून आज्ञा उलटी लिहितो. सर हसले. त्यांनी स्वतः कीबोर्ड ओढला आणि लिहिलं, दिव्याने भूत मार. गेम म्हणाला, दिवा विझेल. सर पुन्हा हसले.

“हे विळी नाव कुणी ठेवलं?”

“हिने, सर,” हेमंत म्हणाला. मला बरं वाटलं. मग तो म्हणाला, “सर, आता काहीच लिहू नका. नुसतं एंटर दाबून बघा.”

सरांनी एंटर दाबलं.

स्क्रीन जिथल्या तिथे थिजली. कर्सर लुकलुकायचा थांबला. सरांनी आणखी दोनदा एंटर दाबलं, एस्केप दाबलं. मशीन गेलं होतं. खिडकीबाहेर कुणीतरी “गेली गढी” म्हणालं आणि हशा झाला.

मला त्या क्षणी कळलं. काहीच लिहिलं नाही तर तुकडे शून्य. शून्य तुकड्यांतला शेवटचा कुठून उचलणार? विळी रिकाम्या पाटावर हात घालत होती आणि पाटाबाहेरचं काहीतरी उचलत होती. आम्ही तिघांनी महिनोन् महिने तो गेम खेळला होता आणि माझ्यासमोर कधी कुणी नुसतं एंटर दाबलं नव्हतं. आम्हाला नेहमी काहीतरी म्हणायचं असायचं.

“हे मूळ उज्ज्वलाने लिहिलेलं होतं, सर,” हेमंत शांतपणे म्हणाला. “माझ्याकडे आल्यावर मी तपासलं, तेव्हा हे सापडलं. मुद्दाम आधी जुनं दाखवलं. दुरुस्त केलेलं यात आहे.”

आणि त्याने शर्टच्या खिशातून फ्लॉपी काढली.

मशीन पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात खासनीस सर भिरूड सरांकडे वळून म्हणाले, “कंपनीत कोरा कागद कुणाला मिळत नाही हो. सगळं दुसऱ्याचंच असतं. दुसऱ्याच्या कामातलं भोक शोधणारा मुलगा मला पाहिजे.” भिरूड सर म्हणाले, “हो, हो, पाचपांडे हुशार आहे.” तीन महिन्यांपूर्वी त्यांनी त्याला माझ्यासमोर ढ म्हटलं होतं.

गेम चालू झाला. सरांनी एंटर दाबलं. स्क्रीनवर आलं: काही म्हणालात का?

सर खळखळून हसले. “कोड दाखव.”

हेमंतने कोड उघडला. त्यात विळी कुठेच नव्हती. तिचं नाव बदलून त्याने ‘पार्स आर्ग्युमेंट्स’ केलं होतं, पुस्तकात असतं तसं. बाकी सगळं माझं होतं, कंसांच्या जागासुद्धा. आणि अगदी वर, कापायच्या आधी, त्याची एक ओळ होती. मी ती वाचली. मग पुन्हा वाचली.

“तुम्हाला काही म्हणायचंय, मिस नेहेते?” खासनिसांनी विचारलं. आवाज वाईट नव्हता. “तुमची चूक होती, म्हणून विचारतो.”

गेम समोर पुन्हा सुरू होता, कर्सर वाट बघत होता. मी कीबोर्डच्या इतकी जवळ उभी होते की माझा अंगठा स्पेसबारवर टेकला होता. हेमंत माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याला चेहरे वाचता यायचे. माझ्या हाताकडे त्याने बघितलं नाही. खिडकीत नाकं होती. अण्णा गेटबाहेर स्कूटरवर मला न्यायला आले असणार होते.

मी अंगठा उचलला.

“नाही, सर,” मी म्हटलं.

कँटीनमागे कडुनिंबाखाली त्याने मला गाठलं. त्याच्या हातात खासनिसांचं कार्ड होतं, ते तो कडेला धरून होता, शाई ओली असल्यासारखं.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“परवा. प्रफुल्लच्या घरी चुकून एंटर दाबलं गेलं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

तो खरंच गोंधळला. मी इतकं साधं विचारतेय याचं त्याला नवल वाटलं. “सांगितलं असतं तर तू दुरुस्त केलं असतंस ना.”

मी त्याच्या हातातलं कार्ड बघत होते.

“अगं, नुसती विळी पाठ म्हणून दाखवली असती तर त्याने पास केलं असतं, उचललं नसतं. काहीतरी सापडायला पाहिजे होतं. आपल्या दोघांसाठीच केलं, उजे. तुला मार्क मिळणारच आहेत.” आणि मग, सौदा पक्का करणाऱ्याच्या आवाजात, “मी अण्णांकडे येतोय. शब्द म्हणजे शब्द.”

त्याने शब्द पाळला. इथेच माझी अडचण झाली. त्याने फसवलं असतं तर मला आयुष्यभर एक सोपी गोष्ट सांगता आली असती. तो मामांना घेऊन आला, पेढे आणि नेमणुकीचं पत्र घेऊन आला. अण्णांनी पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं आणि रावेरला फोन केला. त्या वर्षीच्या मे महिन्यात मी पाचपांडे झाले आणि पुण्याला आले, जसं ठरलं होतं तसं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. त्याची पावती माझ्यासमोर रोज जेवायला बसते.

मी बरीच वर्षं एका क्लासमध्ये C शिकवलं. हेमंत एका कंपनीतून दुसरीत, दुसरीतून वर, असा चढत गेला. घरी कुणी आलं की तो नुसत्या एंटरची गोष्ट सांगतो. त्याचे हात, थांबे, खासनिसांचं हसणं, सगळं ठरलेलं आहे. “आणि चूक कुणाची?” तो विचारतो, आणि माझ्याकडे बोट करतो, आणि सगळे हसतात, आणि कुणीतरी म्हणतं, “वहिनी, म्हणून लग्न केलंत का? चूक लपवायला?” मी म्हणते, “नाही हो, आणखी एक करायला.” हेही ठरलेलं आहे.

मागच्या महिन्यात प्रफुल्ल आला. मुलीच्या ऍडमिशनसाठी पुण्यात होता. बायको वैजयंतीही सोबत होती. तो आता वडिलांचं मोटारपंपांचं दुकान बघतो. काकूंनी माझ्यासाठी शेव पाठवली होती, म्हणून रविवारी दुपारी मी शेवभाजीच केली. जेवता जेवता वैजयंतीने विचारलं, “भाऊजी, कॉलेजात ह्यांचा कसा उजेड होता?” आणि हेमंत सुरू झाला. एंटर, मशीन, फ्लॉपी, काही म्हणालात का. वैजयंती मनापासून हसली.

प्रफुल्ल भाकरी मोडत होता. “हेम्या,” तो म्हणाला, “नुसती स्पेस दाबली असती तर?”

“म्हणजे?”

“म्हणजे एंटरच्या आधी एक स्पेस. तुझी ती फ्लॉपी माझ्याकडेच राहिली होती. बाबा दुपारी माझ्या मशीनवर गढी खेळायचे. एकदा खेळता खेळता डुलकी लागली, हात स्पेसबारवर. जाग आली, एंटर दाबलं, मशीन गेलं. बाबा म्हणाले, भुताने धरलं.”

“काहीतरीच. मी ते दुरुस्त केलं होतं.”

“मीही तेच म्हटलं बाबांना.”

हेमंतने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या गोष्टीच्या मधे त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बोट न करता बघितलं.

“ओळ रिकामी आहे का, एवढंच तू तपासलं होतंस,” मी म्हटलं. “पिशवी आली का ते. पिशवीत भाजी आहे का ते नाही. स्पेस दिली की ओळ रिकामी नसते, पण कापल्यावर हाती तुकडा एकही येत नाही. पुन्हा तेच. तपासायचं ते कापून झाल्यावर.”

“तुला कधी कळलं?”

“तिथेच. खासनिसांनी कोड उघडायला लावला तेव्हा.”

“तिचा अंगठा स्पेसवरच होता,” प्रफुल्ल ताटाकडे बघत म्हणाला. “मी बाजूला उभा होतो. तेव्हा मला कळलं नाही. बाबांच्या हातून मशीन गेलं तेव्हा कळलं.”

वैजयंतीला काही समजलं नाही, पण बाई शहाणी. तिने पाण्याचा तांब्या उचलून आत नेला. हेमंतने वाटीतली शेव बोटाने गोळा केली. मला वाटलं, आता विचारेल, का नाही दाबलंस. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ कधीचं तयार होतं. तेवढीच एक वस्तू या घरात माझ्या नावावर होती, आणि मी ती कधी मोडली नव्हती. त्याची सगळी चढण माझ्या एका अंगठ्यावर उभी आहे, हे फक्त मला माहीत होतं.

“भाजी मस्त झालीय,” तो म्हणाला.

गेल्या शनिवारी त्याच्या कंपनीतले लोक आले होते, नवीन डायरेक्टर आणि त्यांची बायको. मी सरबत घेऊन बाहेर आले तेव्हा गोष्ट फ्लॉपीपर्यंत आली होती. काही म्हणालात का, तो म्हणाला, आणि सगळे हसले. मी ट्रे ठेवून आत जायला वळले. एरवी गोष्ट तिथे संपते.

“पण खरी गंमत पुढे आहे,” हेमंत म्हणाला. “माझ्या दुरुस्तीतही भोक होतं. नुसती स्पेस दाबली असती तरी खेळ खलास! आणि मला ते माहीत होतं. तिथे उभ्या उभ्या माहीत होतं. पण खासनिसांचा हात मी कीबोर्डवरून असा उचलायला लावला, असा बोलत ठेवला, की त्यांना स्पेस सुचलीच नाही. धंद्यात हे लागतं.”

डायरेक्टरांनी मांडीवर थाप मारली. “आणि वहिनींना माहीत होतं?”

हेमंतने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने ग्लास उचलला.

“तिला?” तो म्हणाला. “तिला मी आत्ता कुठे सांगितलं.”

सगळे माझ्याकडे वळून थांबले. मी काहीतरी म्हणेन म्हणून.